गुंगी की भूल? लहान मुलांच्या दुर्बीण तपासणीविषयी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतोय. भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायचं, मशीन तपासायचं, ऑक्सिजन आणि सक्शन चालू आहे की नाही बघायचं, मागतील ती नळी हातात द्यायची, हे माझं काम. त्यामुळे औषधाचे डोस वगैरे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. पेशंटच्या डोक्याशी उभं राहून जे दिसतं, ते सांगणार आहे.

आजचा विषय आपल्याच मंडळातल्या एका काकूंमुळे निघाला. त्यांच्या नातवाच्या पोटात वारंवार दुखत होतं आणि डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघायला सांगितलं होतं. काकूंनी मला विचारलं, "अरे, त्याला नुसती गुंगी द्या म्हणून सांगितलं तर चालेल का? पूर्ण भूल नको. एवढंसं पोर आहे." हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोरच बोलूया.

मुलांना दुर्बीण का घालावी लागते, ते आधी बघू. कुणी नाणं गिळतं, कुणी घड्याळाचा सेल गिळतो. कुणी संडास धुवायचं अॅसिड पाणी समजून पितं. कुणाला रक्ताची उलटी होते, कुणाचं वजनच वाढत नाही. शौचातून रक्त जात असेल तर खालून दुर्बीण घालावी लागते. लहान मुलांत बऱ्याचदा तिथे एक साधी गाठ सापडते आणि ती दुर्बिणीतूनच काढता येते. तपासणी फार मोठी नसते. वरची दुर्बीण बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत आटोपते.

मोठ्या माणसांना आपण घशात बधिर करणारा फवारा मारतो, "गिळा, गिळा" म्हणतो, आणि काम होतं. समजूतदार मोठ्या मुलांचंही कधी कधी तेवढ्यावर होतं. पण चार वर्षांच्या मुलाला "हलू नको" म्हणून कसं सांगणार? ते घाबरतं, हात मारतं. नळी आत असताना झटापट झाली तर आतून इजा होऊ शकते. चौघांनी धरून जबरदस्तीने तपासणी केली, तर ते मूल पुढे कित्येक वर्षं दवाखान्याची पायरी चढताना थरथरतं. म्हणून मुलांना औषध द्यावं लागतं. प्रश्न एवढाच की कोणतं आणि किती खोल.

मराठीत 'भूल' हा शब्द आपण चुकीसाठीही वापरतो आणि या औषधासाठीही. कन्नडमध्ये याला 'अरिवळिके' म्हणतात. अरिवु म्हणजे जाणीव, ती मावळणं म्हणजे अरिवळिके. आपल्या भागात संमतीपत्रावर बहुतेक वेळा हाच शब्द किंवा इंग्रजी शब्द असतो, आणि आपली माणसं तो न विचारता सही करून मोकळी होतात. पुढच्या वेळी हा शब्द दिसला की थांबा आणि "मराठीत समजावून सांगा" म्हणा. समजून घेऊन सही करण्यासाठीच तो कागद असतो.

गुंगी आणि भूल या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो एकच जिना आहे. पहिल्या पायरीवर मूल शांत होतं, पण हाक मारली की बघतं. दुसऱ्या पायरीवर पेंगतं, हलवलं की डोळे उघडतं. तिसऱ्या पायरीवर खोल झोपतं, श्वासाकडे लक्ष द्यावं लागतं. चौथ्या पायरीवर पूर्ण भूल, श्वासाची जबाबदारी आपली. अडचण अशी की मूल पायरीवर थांबत नाही. दुसऱ्या पायरीसाठी दिलेल्या औषधाने ते तिसरीवर जातं, कधी चौथीवर. मोठ्या माणसापेक्षा मुलाची श्वासनलिका अरुंद, जीभ मोठी, आणि अंगातला ऑक्सिजनचा साठा कमी. श्वास अडला तर मोठ्या माणसाला जो वेळ मिळतो, तो मुलाला मिळत नाही. म्हणून "नुसती गुंगी" म्हणजे "कमी धोका" हे गणित बरोबर नाही.

आता औषधं बघू.

पहिलं मिडाझोलाम. तोंडातून, नाकात फवारून किंवा शिरेतून देतात. मूल शांत होतं, आईच्या कडेवरून मुकाट येतं, आणि नंतर त्याला फारसं काही आठवत नाही. हा मोठाच फायदा. पण दुर्बीण सहन करायला ते एकटं सहसा पुरत नाही. शिवाय काही मुलं शांत व्हायच्या ऐवजी उलट चिडतात, आरडाओरडा करतात. त्याच्या जोडीला फेंटानिलसारखं वेदनाशामक दिलं तर परिणाम वाढतो, पण श्वास मंदावण्याचा धोकाही वाढतो. या दोन्हींवर उतारा आहे. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल, फेंटानिलला नॅलोक्सोन. तो हाताशी ठेवलेला असला पाहिजे.

दुसरं केटामाईन. अमेरिकेत १९७० साली मंजूर झालं. स्वस्त, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यात वेदना कळत नाहीत आणि मूल बहुधा स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतं. त्यामुळे लहान दवाखान्यांना त्याचा मोठा आधार आहे. पण तोंडात लाळ सुटते, नंतर उलट्या होतात, जागं होताना काही मुलं भ्रम झाल्यासारखी रडतात. आणि दुर्बीण घशातूनच जाते, त्यामुळे घसा आवळला जाऊन श्वास अडण्याची शक्यता लक्षात ठेवावी लागते. सर्दी-खोकला असलेल्या मुलात ती जास्त.

तिसरं प्रोपोफॉल. दिसायला अगदी दुधासारखं पांढरं. हे शोधणाऱ्या चमूचे प्रमुख जॉन ग्लेन हे मूळचे जनावरांचे डॉक्टर. १९८६ साली हे औषध वापरात आलं आणि २०१८ साली त्यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. शिरेतून दिलं की मिनिटभराच्या आत मूल झोपतं, थांबवलं की थोड्या वेळात ताजंतवानं जागं होतं. दुर्बिणीसाठी हे फार सोयीचं आहे आणि मोठ्या केंद्रांतून आज हेच जास्त वापरतात. पण गुंगी आणि श्वास बंद पडणं यांत अंतर थोडं, आणि याला उतारा नाही. ज्याला बंद पडलेला श्वास हातात घेता येतो, त्यानेच हे द्यावं.

चौथा मार्ग पूर्ण भुलीचा. मास्कमधून सेव्होफ्लुरेनचा वास देऊन मुलाला झोपवतात, मग सुई लावतात आणि श्वासनलिकेत नळी घालतात. आपल्याला ऐकायला हे सगळ्यात भयंकर वाटतं. पण नळी आत असली की श्वासाची वाट बांधून घेतल्यासारखी होते. पोटातलं वर आलं तरी फुफ्फुसात जायला फारशी जागा राहत नाही. अगदी लहान बाळ, अन्ननलिकेत अडकलेलं नाणं, रक्ताची उलटी, पोट भरलेलं मूल, अशा वेळी हाच मार्ग जास्त सुरक्षित ठरतो. युरोपातल्या दुर्बीण तज्ज्ञांच्या आणि बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली एकत्र मार्गदर्शन केलं. त्यातही मुलांची दुर्बीण शक्यतो पूर्ण भुलीत, आणि ते शक्य नसेल तर नीट देखरेखीखाली खोल गुंगीत करावी असंच सुचवलंय.

मग काकूंच्या प्रश्नाचं उत्तर काय? औषध कोणतं, हे डॉक्टर मुलाकडे बघून ठरवतील. आपण विचारायचं ते वेगळंच. दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांखेरीज मुलाच्या श्वासाकडे बघायला दुसरा माणूस आहे का? त्याला तेवढंच काम आहे का? आणि पोट रिकामं आहे का?

श्वासाकडे बघण्याचा हा धडा जुना आहे. क्लोरोफॉर्म भुलीसाठी वापरात आला १८४७ च्या नोव्हेंबरात. तीन महिन्यांच्या आत, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. नखाचं ऑपरेशन, म्हणजे आजच्या भाषेत अगदीच किरकोळ. पुढे आपल्या दक्षिणेत, ज्याच्या राज्यात तेव्हा मराठवाडा होता त्या निजामाच्या हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन आयोग बसले. त्यांचं म्हणणं होतं की हृदयाला धोका नाही, श्वासाकडे बघा. हृदयाबद्दल ते चुकले, हे नंतर कळलं. पण श्वासावरून नजर काढू नका, हे त्यांचं सांगणं आजही खरं आहे. त्याच हैदराबादेतल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये गणल्या जातात.

आज आपल्या मदतीला यंत्रं आहेत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घराघरांत माहीत झाला. त्याचं मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलं. पण ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी ऑक्सिमीटरचा आकडा थोडा उशिरा पडतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं दुसरं यंत्र असतं, कॅप्नोग्राफ. त्याची रेघ लगेच सपाट होते. "ते यंत्र आहे का?" असं जरूर विचारा. कोणी रागावणार नाही.

आता पोटाविषयी. इथे मला माझीच गोष्ट सांगायची आहे. बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी ज्या दवाखान्यात होतो, तिथे निपाणीकडची सहा वर्षांची मुलगी आली होती. बाप आणि आजी बरोबर. आई बिड्या वळणारी, तिला मजुरी बुडवून येणं जमलं नव्हतं. पहाटेच्या बसने आले होते. मुलीला दुर्बीण घालायची होती. थिएटरच्या दारात विचारायचं काम माझं. मी सवयीने बापाला कन्नडमध्ये विचारलं, "ऊट आगिदेया?" म्हणजे जेवण झालं का? तो म्हणाला, "इल्ल." मी कागदावर 'उपाशी' लिहिलं.

मुलीला केटामाईन आणि मिडाझोलाम दिलं होतं. दुर्बीण आत गेली, हवा भरली, आणि काही क्षणांत तोंडातून पांढरट काहीतरी वर आलं. मॉनिटरचा आवाज खाली खाली यायला लागला. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल. ऑक्सिजन जसा पडतो तसा सूर उतरतो. दुर्बीण काढली, मुलीला कुशीवर घेतलं, सक्शन केलं, भूलतज्ज्ञांनी नळी घातली. सूर परत चढेपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं मला अजून आठवतात.

बाहेर येऊन बघतो तर आजी बाकावर बसलेली. मी मराठीत विचारलं, "आजी, पोरीनं काय खाल्लं होतं का?" त्या म्हणाल्या, "जेवली नाही बाळा. लई रडायला लागली म्हणून स्टँडवर घेतलेला कुंदा घातला तोंडात, जरासा. आणि घोटभर दूध." बाप खोटं बोलला नव्हता. जेवण झालंच नव्हतं. आजीही खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी स्वतः मराठी, समोर मराठी घर, आणि मी विचारलं काय, तर 'जेवण झालं का'. मुलीला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, छातीत इन्फेक्शन झालं, सहाव्या दिवशी ती घरी गेली. बरी झाली. पण चूक औषधाची नव्हती. चूक विचारण्याची होती आणि ती माझी होती.

तेव्हापासून मी "उपाशी आहे का?" असं विचारत नाही. कारण आपल्या घरात उपास म्हणजे साबुदाणा चालतो, केळं चालतं, चहा चालतो, दूध तर चालतंच. मी आई, बाप, आजी सगळ्यांना वेगवेगळं विचारतो, "शेवटचं तोंडात काय गेलं? किती वाजता? कोणी दिलं?" कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हीत.

साधारण नियम घरी लिहून ठेवा. जेवण, बिस्किटं, मिठाई, प्रसाद किमान सहा तास आधी बंद, तळलेलं-तुपातलं असेल तर आठ तास. गाई-म्हशीचं दूध किंवा पावडरचं दूध सहा तास. आईचं दूध चार तास. स्वच्छ साधं पाणी दोन तासांपर्यंत देता येतं. काही देशांत २०१८ पासून ते एक तासावर आणलंय, पण तुमचा दवाखाना सांगेल तेच पाळा. रात्रभर पाण्याविना कोरडं ठेवायची गरज नसते, हेही विचारून घ्या. आणि चुकून काही खाल्लं गेलंच, तर घाबरून लपवू नका. तपासणी काही तास पुढे जाईल, एवढंच. देवाचा प्रसाद असला तरी सांगा. मोदकही पोटात गेल्यावर अन्नच आहे.

आता सणाचे दिवस आहेत म्हणून एक विशेष सूचना. मखराच्या सजावटीत हल्ली बॅटरीवरच्या छोट्या पणत्या असतात. त्यांत बऱ्याचदा गोल चपटा सेल असतो. साधारण २० मिलिमीटरचा मोठा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजायला सुरुवात होते. हे नाण्यासारखं 'बघू, पडेल शौचावाटे' प्रकरण नाही. ताबडतोब एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव साधारण ७५. जे आधी गाठता येईल आणि जिथे मुलांची दुर्बीण होते तिथे फोन करून निघा. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तासांच्या आत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असं आता तज्ज्ञ सांगतात. पण मधासाठी दुकान शोधत थांबू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. अशा तातडीच्या वेळी डॉक्टर पोट रिकामं व्हायची वाट बघत नाहीत, नळी घालून पूर्ण भूल देतात.

नाणं गिळलं तर आपल्याकडे केळी चारायची पद्धत आहे. कृपा करून चारू नका. केळ्याने अडकलेलं नाणं सरकेलच असं नाही, पोट मात्र भरतं आणि भूल द्यायला धोका वाढतो. उलटी करवू नका, बोट घालू नका. लाळ गळत असेल, श्वासाला त्रास असेल तर लगेच चला. नाणं पोटात उतरलेलं असेल तर ते बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं.

डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी: दोन आठवड्यांत सर्दी-ताप झाला होता का, मूल रात्री घोरतं का, दुधाचा दात हलतोय का, चालू औषधं आणि अॅलर्जी कोणती, आणि घरात कुणाला पूर्वी भुलीचा त्रास झालाय का.

"भुलीने पोराचा मेंदू मंद होतो का?" असंही विचारतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली इशारा दिला, तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार भूल देण्याबद्दल होता. २०१९ साली सात देशांतल्या सातशेहून अधिक बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तान्हेपणी तासाभराच्या आत भूल मिळालेल्या मुलांच्या बुद्धीत पाचव्या वर्षी काही फरक दिसला नाही. दुर्बिणीला लागतात मिनिटं. तेव्हा या भीतीपोटी गरजेची तपासणी टाळू नका.

शेवटी घरी नेताना. मूल जागं झालं तरी अर्धवट झोपेत असतं. त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मान पुढे पडली की श्वासाची वाट दबते. रिक्षात किंवा गाडीत एकाने नुसतं मुलाकडे बघत बसायचं, हनुवटी वर राहील असं. आधी घोट घोट पाणी, मग पेज. रात्रीपर्यंत कोणीतरी जवळ राहायचं. ओठ निळसर दिसले, उठवून उठलं नाही, पोटात जोरात दुखलं किंवा रक्त आलं तर परत घेऊन यायचं.

काकूंच्या नातवाची दुर्बीण गेल्या वर्षी झाली. पूर्ण भूल देऊन. सकाळी काकू मला फोनवर म्हणाल्या, "रात्री नऊला भात, सहाला दोन घोट पाणी. मीच दिलंय. लिहून घे." सगळ्या आज्यांनी असं सांगितलं, तर माझं निम्मं काम कमी होईल.

 गणपती बाप्पा मोरया!